पातळी

मेक्की दहब वरच्या खोलीत राहायला आला
तेव्हा रावपुऱ्यात जो तो विचारी, आफ्रिकन का?
तो म्हणे, सुदानी.
कागदावर कुठेतरी अरब असंही लिहिलेलं.
एकदा रात्री वीज गेली, जिन्यावर बसलो होतो,
तेव्हा हळूच म्हणाला, नुबी.
गर्दीत खिशातलं पाकीट
वरूनच चाचपून पाहावं तसा.

मी तरी कुठला?
पुण्याचे मावसभाऊ हसतात
झोपाळ्याला हिंचका म्हणतो म्हणून.
आणि इथे, सात पिढ्यांनंतरही,
तुम्ही मूळचे कुठले, काका?

काळ्या घोड्याजवळच्या पुलावर त्याला नेलं,
विश्वामित्रीतली मगर दाखवायला.
कठड्यावर लोक मोबाइल काढून वाकलेले.
हा हसला, गाववाला भेटावा तसा.
आमच्या दारावर असायची ही, म्हणाला,
पेंढा भरून, जबडा उघडा,
आजूबाजूला भिंतीत लिंपलेल्या चिनी बशा.
नजर लागू नये म्हणून.
मग?
लागली. सरकारची.

कमाटीबागेतली ममी बघायला मात्र आला नाही.
ते उत्तरेकडचे, म्हणाला, आमचं सोनं न्यायचे.
मग आमचेच राजे त्यांच्या गादीवर बसले,
पुढे आम्ही चर्च बांधली, पुढे मशिदी,
आणि पुस्तकात आम्ही कायम
दुसऱ्याच्या प्रकरणातली तळटीप.

त्याच्या आजीचं नाव नाब्रा. म्हणजे सोनंच.
चौसष्ट साली एकोणीस वर्षांची.
निघायच्या दिवशी अंगण झाडलं,
कबरींवर पाणी शिंपडलं
(पुढे धरणाने तेच काम
कित्येक पुरुष खोल केलं)
आणि आगगाडीने त्यांना तिथे नेलं
जिथे आभाळ गडगडतं
हे कुणी सांगितलंच नव्हतं.
म्हातारे बाजेखाली शिरले.

नुकसानभरपाई खजुरीच्या झाडामागे.
अश्केतमध्ये एका झाडाची
माती एकाची, रोप दुसऱ्याचं,
पाणी घालणारा तिसरा.
कारकुनाच्या तक्त्यात मालकाचा रकाना एक.
नाब्रा अरबी बोलली ती तेवढीच,
त्याच्याशी. आणि तीही शिवी.

तो रकाना मी ओळखतो.
चौतीस वर्षं सिंचन खात्यात ट्रेसिंग केलं,
नर्मदेच्या समोच्च रेषा,
बुडिताची हद्द निळ्या शाईने.
रेघेखाली गाव आलं की
ब्लेडने नाव खरवडायचं, अलगद,
कागद फाटता कामा नये.
साहेब म्हणत, हात काय साफ आहे तुझा!

डभोईच्या बसमध्ये मी
वसाहतीची पत्र्याची घरं येतात त्या बाजूला
बसत नाही.
हे मेक्कीला सांगितलेलं नाही.

परवा तोच म्हणाला, काका, तुम्ही नकाशे काढायचात ना,
आजीच्या आठवणीतून आमचं गाव काढा.
फोन स्पीकरवर ठेवला.
मी काळी शाई काढली.
नाब्रा तिच्या भाषेत सांगते, तो इंग्रजीत,
माझ्या डोक्यात मराठी, आणि कागदावर
एक ओटा, एक रहाट, हसनच्या बहिणीचं घर.
विचारलं, नदी कुठल्या हाताला?
बराच वेळ नुसती खरखर.
मग मेक्की म्हणाला, ती म्हणते नदी हाताला नसते.
दाराचं तोंड तिकडे. बस.
आणि आमच्यात पाणी आणि नदी
एकच शब्द, अमन.
मी विचारून विचारून लिहून घेतला, देवनागरीत,
तीन अक्षरं, कुठे ठेवावीत कळेना.

मग तिने काहीतरी विचारलं.
हा हसला, सांगेना. मीच आग्रह केला.
ती विचारते,
हा माणूस कुठल्या सरकारचा?

मी पेन्सिलीला टोक काढत बसलो.
टोक होतं आधीच.